आभाला विचारा

सूचनांच्या पाचव्या पायरीशी येऊन मी थांबलो. तिथं लिहिलं होतं, "माहितीची फाइल कुलूपबंद आहे. पासवर्ड इथे लिहीत नाही. आभाला विचारा." आभा म्हणजे माझी बायको. ती माझ्यापासून दहा पावलांवर, स्वयंपाकघरात, हातांना तेल चोळून केळफूल सोलत बसली होती. आणि मला, एकवीस वर्षं हाच कॉम्प्युटरचा धंदा करणाऱ्या माणसाला, माझ्याच घरात, माझ्याच टेबलावर, चंदीगढला बदली होऊन गेलेला एक बँकेतला माणूस सांगत होता की अडलं तर आभाला विचारा. मी ती ओळ तीनदा वाचली. तिसऱ्या वेळी कळलं की खरं खुपतंय ते वेगळंच. हा माणूस, अजेय, तोंडावर तिला नेहमी आभाताई म्हणायचा. इथं नुसतं आभा होतं. ताई कुठं गेली?

ताई म्हटलं की माणूस सोवळ्यात जातो असं मी कधीच मानलं नाही. पण निदान म्हणायचा तरी. तीन वर्षं दर शनिवारी महाराष्ट्र मंडळाच्या वाचनालयात दोघं बसायचे, शब्दपेटीचं काम करायला. शब्दपेटी हे नाव आभाचं. तिचे वडील गजाननराव इथंच जन्मले, इथल्याच कॉलेजात त्यांनी गणित शिकवलं आणि चाळीस वर्षं एक छंद केला. कोलकात्यातली मराठी माणसं बोलता बोलता जे बंगाली शब्द मराठीत ओढून आणतात, ते वह्यांमध्ये टिपून ठेवले. मुलं 'पाणी प्यालो' न म्हणता 'पाणी खाल्लं' म्हणतात, बायकांना पित्त न होता अंबल होतं, लाडीगोडीला न्याकामी म्हणतात, असं सगळं. ते गेल्यावर आभानं आणि अजेयनं त्या वह्यांची वेबसाइट केली. टायपिंग तिचं, बांधकाम त्याचं. पुढे गजाननरावांच्या बेहाला भागातल्या घरात पुराचं पाणी भरलं तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटातल्या वह्यांचा लगदा झाला, आणि मग त्या वेबसाइटवर होतं तेवढंच उरलं. आता ज्या कंपनीच्या सर्व्हरवर ती होती, ती कंपनीच महिनाअखेर दुकान गुंडाळत होती. अजेयनं सगळा संसार एका फोल्डरमध्ये बांधून पाठवला. तो आधी माझ्या लॅपटॉपवर जसाच्या तसा उभा करायचा, चालतोय अशी खात्री झाली की नव्या जागी हलवायचा. आमच्या धंद्यात ह्याला लोकल एन्व्हायर्नमेंट उभं करणं म्हणतात. नवीन पोरांना आम्ही पहिल्या दिवशी हेच काम देतो. महिनाअखेरीला तीन दिवस होते, आणि आज रविवार म्हणून मी सकाळीच बसलो होतो. "बाबांचं काम आहे रे," एवढंच आभा म्हणाली होती. दुसरं कुणाला सांगू का, असंही तिनं विचारलं होतं. दुसरं म्हणजे कोण, ते मला माहीत होतं. मी म्हटलं, मी आहे ना.

पहिल्या चार पायऱ्या मी ज्या भावनेनं चढलो तिला चांगलं नाव नाही. मला अजेय चुकायला हवा होता. तो शिकलेला प्रोग्रामर नाही, बँकेत बसून हौसेनं शिकलेला आहे. म्हटलं, असल्या हौशी कामात भोकं असणारच. पण त्यानं सूचना लिहिल्या होत्या त्या चक्क मराठीत, आणि चांगल्या मराठीत. दुसऱ्या पायरीला लिहिलं होतं, "आता बऱ्याच लाल ओळी येतील. घाबरू नका. घरातली मोठी माणसं कुरकुरतात तशा ह्या कुरकुरी आहेत. ऐकून घ्यायच्या आणि पुढे जायचं." मी हसलो, आणि हसल्याचा मला राग आला. मी ऑफिसात आजवर अशा शंभर सूचना लिहिल्या असतील, त्यातली एक ओळ वाचून कुणी हसलेलं नाही. मग मी त्याच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका शोधायला लागलो. एका ठिकाणी 'पूर्ण' मधला पू ऱ्हस्व सापडला. तेवढ्यावर मी एक कप चहा मजेत प्यायलो. चौथ्या पायरीला माझ्या नव्या लॅपटॉपला त्याचं जुनं काहीतरी मानवेना, तेव्हा मी मोठ्यानं म्हणालो, "काय लिहून ठेवलंय ह्यानं!" आतून आभाचा आवाज आला, "अंगण वाकडं का रे?" ती गमतीत बोलली होती. मी अर्धा तास खपून जुनी आवृत्ती शोधून चढवली आणि अंगण सरळ होतं ते सिद्ध झालं. चूक माझ्याकडची होती. हे मी तिला सांगितलं नाही.

आणि आता पाचवी पायरी. उठून दहा पावलं जायचं आणि विचारायचं, इतकंच. मला ते जमेना. मी पासवर्ड ओळखायला लागलो. आधी शब्दपेटी, मग गजानन, मग कोलकाता. मग आभा. मग आभाताई. मग कान गरम झालेले असताना दोघांची नावं जोडून. आधी तिचं, मग त्याचं. मग उलट. दर वेळी यंत्र तेच सांगायचं, पासवर्ड चुकीचा आहे. सुटल्यासारखं वाटायला हवं होतं, पण संशयाला नकारानं कधी पोट भरतं का? खाजवून खरूज काढायची माझी सवय जुनी आहे. एकदा मिनीबसमधून ऑफिसच्या कामाला जाताना एस्प्लनेडला सिग्नलला बस थांबली, आणि पलीकडच्या फुटपाथवर, मोजे आणि रुमाल विकणाऱ्यांच्या गर्दीत, मला ती दोघं दिसली. आभा हातवारे करून काहीतरी सांगत होती. घरात ती हातवारे करत नाही. बोटांनी तिनं हवेत काहीतरी छोटंसं उचललं, परत ठेवलं, आणि अजेय मान तिरपी करून वहीत लिहून घेत होता. बस्स, इतकंच. हात धरलेला असता तर बरं झालं असतं असं मला तेव्हा वाटलं होतं, म्हणजे मग काहीतरी म्हणता आलं असतं. मी उतरलो नाही. संध्याकाळी सहज विचारावं तसं विचारलं, "आज कुठं होतीस?" ती म्हणाली, "एस्प्लनेडला. अजेय होता बरोबर. एका शब्दाचा अर्थ त्याला नीट कळेना, तो मी त्याला समजावत होते." सगळं खरं सांगितलं. लपवलेलं काही नाही, मग मी पकडू तरी काय? कुठला शब्द, एवढं मात्र मी विचारलं नाही. आज इतक्या दिवसांनी वाटतं, तेवढंच विचारायला हवं होतं.

सगळ्यात शेवटी, ती इकडे बघत नाही असं पाहून, मी माझं नाव घालून पाहिलं. उन्मेष. तेही नव्हतं. ह्याचं मला इतकं वाईट का वाटावं ते कळेना. मी कोण लागून गेलो त्या शब्दपेटीचा? तीन वर्षांत मी एकदाही ती उघडून पाहिली नव्हती. कामाचं कोड वाचून वाचून डोळे दुखतात, घरी येऊन पुन्हा स्क्रीन नको, असं माझं ठरलेलं उत्तर होतं. खरं कारण असं की उघडली असती तर ती चांगली निघाली असती.

"आभा," मी जागेवरूनच ओरडलो, "पासवर्ड काय गं?"

"अभिमान," ती म्हणाली. मीठ कुठं आहे सांगावं तसं.

मी इंग्रजी अक्षरांत टाइप केलं. पासवर्ड चुकीचा आहे. पुन्हा केलं. एकेक अक्षर बघून केलं. पुन्हा चुकीचा. "होत नाहीये," मी म्हटलं, "बदलला असेल त्यानं." हे म्हणताना मला थोडं बरंच वाटलं. तिला कळवलं नाही, बदलला, गेला. ती उठून आली. बोटं तेलकट, नखांशी केळफुलाच्या चिकाचे काळे डाग. माझ्या खांद्यावरून वाकून तिनं बघितलं. तिच्या अंगाला त्या कच्च्या फुलाचा तुरट वास येत होता. "अरे, ओ," ती म्हणाली. "ए नाही. ओ नं सुरू कर. इथला शब्द आहे तो." आणि मी काही करायच्या आधी तिनं करंगळीनं, इतर बोटं वर धरून, एकेक अक्षर दाबत स्वतःच लिहिलं. ओभिमान. फाइल उघडली. ओ लिहायच्या बटणावर तेलाचा एक गोल डाग राहिला.

"कुणी ठरवला हा?" मी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "कुणा पुण्यामुंबईच्याला सुचणार नाही म्हणून." आणि परत जाऊन मोचा सोलायला बसली. केळफुलाला ती मोचाच म्हणते.

स्क्रीनवर शब्द भरायला लागले. आकडा वर चढत होता, शंभर, दोनशे. मी त्याच्याकडे बघत होतो पण मला दिसत होती ती लग्नाच्या पहिल्या वर्षातली आभा, ह्याच खोलीत, ह्याच खिडकीशी, पाठ करून उभी. मला तेव्हा सांगलीहून नोकरीसाठी इथं येऊन दोन वर्षं झाली होती, आणि इथल्याच मराठी घरातली मुलगी केली म्हणून आई खूश होती. त्या दिवशी मी काय केलं होतं ते आता आठवत नाही. उशिरा आलो असेन, किंवा ठरलेलं विसरलो असेन. जेवायला चल म्हटलं तर ती वळली नाही. काय झालं विचारलं तर म्हणाली, "माझा तुझ्यावर अभिमान झालाय." आणि मी हसलो. नुसता हसलो नाही, खो खो हसलो. "तुझ्यावर नाही गं बाई, तुझा! अभिमान तुझा असतो. आणि झालाय काय, वाटतो." तिनं समजावून सांगायचा प्रयत्न केला की इथं त्याचा अर्थ तो नाही. म्हणाली, राग नाही, रुसणं पण नाही, म्हणजे असं की... आणि तिनं बोटांनी हवेत काहीतरी छोटंसं उचललं. मी म्हटलं, मराठीत बोलतेयस ना, मग मराठीतला अर्थ. तेवढ्यावर थांबलो असतो तरी चाललं असतं. मी सांगलीला फोन करून भावाला हा विनोद सांगितला. पुढच्या गणपतीला आम्ही गेलो तेव्हा सगळं घर तयारच होतं. "वहिनी, आमच्यावरही थोडा अभिमान होऊ द्या!" ती हसली. पदर सावरून, सगळ्यांना मोदक वाढत हसली. त्यानंतर तिच्या तोंडून तो शब्द मी कधी ऐकला नाही. तिचं मराठी सुधारलं असंच मी समजत आलो. त्याचा मला अभिमान वाटायचा, माझ्या अर्थानं.

आकडा अकराशे त्रेचाळीसवर थांबला. सहावी पायरी, सातवी, आणि ब्राउझरमध्ये शब्दपेटी उघडली. ती फक्त माझ्या लॅपटॉपवर होती, बाहेर कुणाला दिसत नव्हती. वर शाईच्या निळ्या रंगात नाव, खाली बारीक अक्षरात "वह्या: गजानन. संकलन: आभा, अजेय." मधे स्वल्पविराम. त्या स्वल्पविरामाकडे मी किती वेळ बघत बसलो देव जाणे. मग मी एक अशी गोष्ट केली जी ऑफिसात कुणी केली तर मी त्याला फाडून खाईन. एका ओळीचा हुकूम लिहिला आणि पहिल्या पानासकट अकराशे त्रेचाळीस शब्दांवरून अजेयचं नाव पुसलं. पान पुन्हा उघडलं. संकलन: आभा. मागे स्वल्पविराम तेवढा लोंबकळत राहिला. माझं मशीन, माझं घर, माझी बायको. खरं सांगतो, अंगावरून गार वारा गेल्यासारखं वाटलं. अर्धा मिनिट.

मग शोधाच्या चौकटीत मी अभिमान लिहिलं. एवढं झाल्यावर तो शब्द न बघणं मला शक्यच नव्हतं. पान उघडलं. वर गजाननरावांचा अर्थ, त्यांच्या त्या गणिताच्या मास्तरी थाटात: "अभिमान (बं. उच्चार ओभिमान). आपल्या माणसावर होतो. परक्यावर होतो तो राग. मराठी अर्थाशी गल्लत करू नये." त्याच्या खाली उदाहरण. उदाहरणाखाली आभाचं नाव. "उन्मेष बाबांच्या वर्षश्राद्धाला आला नाही. राग आला नाही. त्याच्यावर अभिमान झाला."

वर्षश्राद्धाच्या दिवशी आमचं एक मोठं काम ग्राहकाकडे जायचं होतं. मी म्हणालो होतो, तू पुढे हो, मी पोचतोच. पोचलो तेव्हा पानं उचललेली होती आणि ती फरशी पुसत होती. मी सॉरी म्हटलं. ती "जेवून घे" म्हणाली. भांडली नाही. भांडली नाही म्हणून मी मनात तिला शहाणी म्हटलं होतं, ऑफिसात दुसऱ्या दिवशी तसं सांगितलंही होतं. दोन वर्षं ते वाक्य इथं पडून होतं, आणि माझं नाव त्यात जसंच्या तसं होतं.

त्याच्याही खाली दोघांनी काम करताना एकमेकांना लिहिलेल्या टिपा होत्या. पहिल्या टिपेवर नाव नव्हतं, नाव मीच पुसलं होतं. "ताई, हे वाक्य ठेवायचं का? निदान नाव तरी बदलू?" नाव पुसलं तरी ताई राहिली होती. म्हणजे जिथं दोघांखेरीज कुणी वाचणार नव्हतं तिथं तो ताईच म्हणत होता, आणि जगासाठी लिहिलेल्या सूचनांमध्ये, सगळ्यांसाठी, नुसतं आभा. उलटं धरून बसलो होतो मी. आणि खाली आभाचं उत्तर: "राहू दे. तो कुठे वाचणार आहे."

मला वाटलं होतं, असं काही सापडलं की मत्सर निघून जाईल. उलट तो आता कुठं नीट बसला. अजेयनं तिचा हात धरला असता त्याहून हे वाईट होतं. माझ्यावरचं तिचं दुःख ती त्याला वाक्यात घालून दाखवत होती, आणि तो ते शुद्धलेखन तपासून ठेवत होता. एस्प्लनेडला तिनं हवेत उचललं ते हेच होतं, आणि त्यानं मान तिरपी करून ते समजून घेतलं होतं. मला तेच ती पहिल्याच वर्षी आयतं सांगायला आली होती, तर मी विभक्ती प्रत्यय सुधारत बसलो. मी त्याच्यावर जळत होतो, अजूनही जळत होतो, आणि ज्याच्यावर जळावं असं त्याच्याकडे काय होतं? एक शब्द नीट ऐकण्याइतके कान. हेवा वाटण्यासारखी माणसाची ही एवढीशी गोष्ट, आणि ती मलाही फुकट जमण्यासारखी होती.

"चाललं का रे?" आभा पदराला हात पुसत आली. मी पान बंद करायला गेलो, पण चोराच्या मनात चांदणं, बोट भलतीकडेच पडलं आणि पहिलं पान उघडलं. संकलन: आभा, आणि तो स्वल्पविराम.

"अजेयचं नाव कुठं गेलं?"

खोटं बोलता आलं असतं. यंत्रावर ढकलायचं, लाल ओळी आल्या म्हणायचं. तिला पटलंही असतं. "मी पुसलं," मी म्हटलं. "इथल्या इथं. परत येतं ते." आणि येतंही. सगळं रिकामं करून मूळ फाइल पुन्हा भरायचा एक हुकूम असतो, तो मी दिला. फाइलनं पुन्हा पासवर्ड मागितला. ती बाजूला उभी राहून बघत होती. मी ओ नं सुरुवात केली. बटणावरचं तेल माझ्या बोटाला लागलं. आकडा पुन्हा शून्यापासून चढायला लागला, आणि तो चढेपर्यंत आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत राहिलो. अकराशे त्रेचाळीस. संकलन: आभा, अजेय.

"का पुसलंस?" तिनं विचारलं.

"जळतो मी त्याच्यावर," मी म्हटलं. बोलून गेल्यावर वाटलं, हे मी घरात पहिल्यांदाच इतकं सरळ बोललो. "एस्प्लनेडला बसमधून बघितलं होतं तुम्हाला. तेव्हापासून. आणि आत्ता अभिमानचं पान वाचलं. वर्षश्राद्धाचं."

ती खुर्ची ओढून बसली. नखाखालचा काळा चीक दुसऱ्या नखानं खरवडत राहिली. मला वाटलं आता रडेल, किंवा उठून जाईल, किंवा जेवून घे म्हणेल. त्याचीच मला सगळ्यांत जास्त भीती होती.

"अजेय चांगला आहे रे," ती म्हणाली. "फार चांगला आहे. पण त्याच्यावर मला कधी अभिमान झाला नाही. एकदासुद्धा नाही."

ह्या वेळी मी तिचं काही सुधारलं नाही.